खांदा

क्लाक्सविक बंदरातला हानुस. चाळीस वर्षं जाळी ओढलेली.
दारापासून टेबलापर्यंत सात पावलं,
तेवढ्यात माझी निम्मी तपासणी होते.

हात वर. जातो.
पाठीमागे. जातो.
मी खाली रेटते, तो रेटू देत नाही.
कुठल्याच हालचालीनं दुखणं
वाढत नाही, घटत नाही.
नेमकं कुठं?
तो बोट ठेवत नाही, अख्खा तळहात ठेवतो.
रात्री?
"रात्रीच."
वजन?
तो पट्ट्याचं नवं भोक दाखवतो, खिळ्यानं पाडलेलं.

खांदा निर्दोष आहे.
एरवी मला आनंद झाला असता.

व्यायामाचा कागद मी परत खणात सरकवते.
डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला घेते, तर विचारतो,
"सोमवारी बोटीवर जाऊ ना?"

पेन उमटत नाही.
झटकते. पुन्हा झटकते.