बोटभर पाणी

विक्रोळीला, तिसऱ्या मजल्याच्या पोडियमवर
तीस बाय पंधराची कोरडी कुंडी.
तळाशी उतरलं की शहर मिटतं,
वर उरतो क्रेनचा हात
आणि एखादी घार.

चारही भिंती मी हातोडीच्या दांड्यानं वाजवत फिरलो.
काँक्रीट खोटं बोललं की आवाज पोकळ येतो.
पोकळ तिथं खडू, खडू तिथं छिन्नी,
मग नळ्या ठोकून पंपानं सिमेंटचं दूध पाजलं,
भिंत नको म्हणेपर्यंत.

यल्लप्पा मिस्त्रीनं कोपरे मोडले.
त्याचं शास्त्र एवढंच :
पाणी कोपऱ्यात बसून विचार करतं,
त्याला बसू द्यायचं नाही.
म्हणून तळ आणि भिंत भेटतात तिथं गोल वाटा,
बिअरच्या रिकाम्या बाटलीनं घोटून घोटून.

काशव्वानं ब्रश मारला.
पहिला हात आडवा, सुकल्यावर दुसरा उभा,
पहिल्याची चूक दुसऱ्यानं झाकावी म्हणून.
ओली होती तोवर
म्हशीच्या पाठीसारखी दिसत होती भिंत.

मग पाच टँकर वर चढवले.
भिंतीवर लाल पेन्सिलीची रेघ.
पायरीवर एक भरलेली बादली, तिच्यातही रेघ.
ऊन दोघींतून सारखंच पितं,
फरक पडला तर तेवढी गळती.
चाचणी सात दिवसांची.

रात्री मी खाली, पार्किंगमध्ये, खुर्ची टाकून,
बॅटरी छताकडे.
डोक्यावर पन्नास हजार लिटर.
इतका वेळ वर बघितलं
की प्रत्येक सावली ओल वाटते.
हात लावून आलो स्टुलावर चढून, चारदा.
कोरडंठाक.

तिसऱ्या सकाळी कुंडी रेघेखाली गेलेली,
बादलीपेक्षा बोटभर जास्त.
सिगारेटच्या पाकिटावर गणित मांडलं :
साडेसातशे लिटर.
पन्नास बादल्या.
पाइपांची तोंडं पाहिली, दिव्यांच्या खोबणी,
बाहेरून भिंतीला गाल लावून पाहिला.
भिंत गरम होती, दुसरं काही नाही.

त्या रात्री वरच झोपलो, सळ्यांच्या ढिगाआड.
दोनच्या सुमारास आल्या,
मागच्या बिनदाराच्या फ्लॅटांतून, अनवाणी.
खाली त्यांच्या नळाला आठवडाभर नुसती हवा येत होती,
हे मला माहीत होतं. म्हणजे, सांगितलं होतं कुणीतरी.
काशव्वा बादली तिरकी सोडत होती,
काठ भिंतीला लागू न देता.
तिचाच हात होता ना तो, आडवा आणि उभा.

मी खोकलोसुद्धा नाही.

पहाटे तांब्या घेतला,
पायरीवरच्या बादलीतून पाणी काढलं
दोन्ही रेघा जुळेपर्यंत,
आणि त्यानंच तोंड धुतलं.
पुढचे दिवस तेच.

सातव्या दिवशी दस्तूरसाहेब आले.
पट्टी लावून कुंडी मोजली, बादली मोजली,
मग बराच वेळ मला.
‘ऊन फार आहे का रे यंदा?’
‘आहे ना साहेब.’
जानेवारी होता.
त्यांनी सही केली, पेनाचं टोपण लावलं,
नळाचं काय ते बघ, म्हणाले, आणि गेले.

दुपारी व्हॉल्व्ह उघडला.
उरलेलं सगळं गटारात जायला
संध्याकाळ झाली.

आता गिलावा चढतोय.
यल्लप्पाचा पाटा खालून वर सरकतो,
जादा माल घमेल्यात पडतो थप्प.
भिंतीला दिवसातून तीनदा पाणी द्यायचं, मी सांगितलं,
सात दिवस, विसरायचं नाही.
काशव्वा काही बोलली नाही.
पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबून
तिनं आधी भिंत भिजवली,
मग पाय.