तिरपा टाइप

सेलूत, स्टेशन रोडला फ्लेक्सचं दुकान माझं.
एक टाइप आहे –
टोकं गोल, वापरून झिजलेल्या साबणासारखी,
अंग उजवीकडं कललेलं,
चढावर सायकल रेटणाऱ्या पोराचं.

कुल्फीच्या गाड्याला तोच लावतो,
बालवाडीला, पंक्चरवाल्याला,
काळीपिवळीच्या मागच्या काचेला.
कोर्टाच्या नोटिशीला नाही.
तेराव्याला तर नाहीच.

परवा केरबा गिराम आले,
बायकोचा फोटो पिशवीत.
मी जाड, सरळ, काळं अक्षर काढलं.
बराच वेळ बघून म्हणाले,
"हे नुसतं उभंय, मुबीन.
ती कधी उभी राहिली का अशी?"

नाव तिरपं केलं.
'गयाबाई'तले सगळे काने पुढं झुकले,
परभणीची गाडी सुटत असल्यागत.

खालची तारीख
सरळच ठेवली.