ओळखचिठ्ठी

हर्बेरियममध्ये एकतीस वर्षं मी एकच काम केलं :
वाळलेली फांदी जाड कागदावर शिवायची,
उजव्या कोपऱ्यात, खाली, चिठ्ठी डकवायची.
नाव. गाव. तारीख. कुणी तोडली.
नाव ठाऊक नसेल तर जागा कोरी.
कोऱ्या जागेवर बाई कधी रागावल्या नाहीत,
खोट्या नावापायी मात्र
एकदा अख्खा गठ्ठा उसवायला लावला.

खंडेराव मार्केटमागून पुडी आणते मी,
ही तिसऱ्या महिन्याची.
“अशोक छाल. शुद्ध. असली.”
वर हिरवं पान, तेही पिंपळाचं.
तळाशी, जिथे तारीख हवी,
तिथे “ठंडी जगह में रखें”.

हेमल पहाटे काढा उकळते,
चार कपांचा एक कप,
नाक दाबून पिते.
हिमोग्लोबिन साडेसात.
पाळी आली की भिंत धरून चालते पोरगी.

आज चष्मा लावून बसले.
तुकडा मोडला, भिजवला, नखानं खरवडला.
अशोकाची साल आतून तांबूस होत जाते,
वरून बोटाला चामखिळी लागतात.
ही पिवळट, दोऱ्यादोऱ्यानं सुटणारी.
ओळखीची.
इतकी, की मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं :
सोसायटीच्या कुंपणाशी सात जण उभे,
हवालदारांसारखे ताठ,
पानांच्या कडा लाटालाटांच्या.

हसमुखभाई म्हणाले, “बेन, सगळे ह्यालाच अशोक म्हणतात.”
खोटं नव्हतं. म्हणतातच.
गेल्या उन्हाळ्यात आमचा रस्ता रुंद झाला,
तेव्हाची लाकडं कुठे गेली
मी विचारलं नाही,
ते वजनकाट्याचं पारडं पुसत राहिले.

हेमलला सांगितलं. ती कप विसळत होती.
“आसोपालव? तोरणाचा?”
जरा थांबली.
“म्हणजे मम्मी, तीन महिने मी पोटात तोरणं बांधली.”
आणि हसली. हसता हसता
ओट्याला टेकून खालीच बसली.

रिक्षा बोलावली आहे, मोठ्या दवाखान्यासाठी.
ती येईस्तोवर ट्रंकेतून जुनी कोरी चिठ्ठी काढली.
नाव : आसोपालव.
गाव : वडोदरा, बहुधा आमचाच रस्ता.
तारीख : छापलेली नाही.
कुणी तोडली :

तिथे काही लिहिलं नाही.
पट्टी घेऊन खाली आणखी एक ओळ आखली,
चिठ्ठीवर जी कधीच नसायची :
कुणी पाजली :
मालती दिगंबर सुर्वे.