पाचशे साठ मीटरवरून

गुरुवारी आमच्या सोसायटीत पाणी नसतं,
म्हणून बैठक गुरुवारीच.
एका तांब्यात हात, तोंड, तीन कप
आणि चिवड्याची ताटली आवरायची,
तेवढाच सराव.

टेबलावर नकाशा. त्याच्या कोपऱ्यांवर
खलबत्ता, लोणच्याची बरणी,
खळदकरचा चष्मा आणि बिल्किसचं कोपर.
सदतीस वर्षं मी चिंचवडला पंपांची ड्रॉइंग काढली,
मला रेषा वाचता येतात.
जिथे त्या एकमेकींना चिकटतात तिथे धाप लागणार,
जिथे सैल होतात तिथे तंबू.
मधे एक मोठा कोरा तुकडा आहे.
"छापायचा राहिला असेल," खळदकर म्हणतो.
नाही रे. तिथे खरंच काही नाही.
झाड नाही, घर नाही,
तीन दिवस नुसती माती आणि वारा.

नदी सकाळी सातच्या आत ओलांडायची,
दुपारी बर्फ सुटला की ती मांडीला लागते.
मग खिंड. पाच हजार एकशे वीस.
"आणि आपण?" बिल्किस विचारते.
पाचशे साठ.
ती बोटांवर मोजते:
एकावर एक नऊ पुणे,
आणि सगळ्यांत वर पर्वती.

ससूनमध्ये सिस्टर होती ती.
गोळ्यांची यादी तिच्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून:
डोकं दुखलं तर सांगायचं.
तिथे खोटं बोलायचं नाही,
काय बोलायचं ते पुण्यात बोलून घ्या.

शनिवारी पहाटे सिंहगड.
पाठीवर पाच किलो हरभरा डाळ, तीन लिटर पाणी.
वर ताकवाल्या मावशींनी विचारलं,
"काय आणलंय एवढं?"
डाळ.
"विकायला?"
नाही, परत खाली न्यायची.
त्यांनी मडक्यावर फडकं सारखं केलं
आणि हळूच म्हणाल्या, "पैज हरलात का?"

खरं सांगायचं तर अकरा वर्षं झाली.
एकदा लेकीचं बाळंतपण,
एकदा खळदकरचा स्टेंट,
दोन उन्हाळे दाराला कड्या लावून गेले.
आणि तिकडे दोन्ही टोकांनी
सडक आत शिरत होती.
पहिल्या आराखड्यात नऊ दिवस होते.
दरवर्षी मी खोडरबर घेते
आणि एक मुक्काम पुसते.
कागद तिथे इतका विरलाय
की खालची टेबलाची शीर दिसते,
नवी नदीच म्हणा.

परवा रिगझिनचा फोन आला, घोडेवाल्याचा.
"मॅडमजी, रस्ता झाला! आता जीपने या,
चार तासांत खिंडीच्या पायथ्याशी."
माझ्या तोंडून निघालं, अरेरे.
पलीकडे थोडा वेळ नुसता वारा.
मग तो म्हणाला,
"माघात बायकोला कळा लागल्या.
सव्वातीन तासांत दवाखाना गाठला.
आधीच्या वेळी आठ दिवस चालत होतो आम्ही."

आधीच्या वेळी काय झालं
हे त्याने सांगितलं नाही.
मी नकाशावर ते आठ दिवस मोजले.
आमचेच मुक्काम होते ते,
मी हिरव्या पेन्सिलीने त्यांच्यापुढे
'दृश्य सुंदर' असं लिहिलेले.

आता उरलाय तो कोरा तुकडा.
तिथे सडक जाणार नाही, कारण तिथे कुणी आजारी पडायला नाही.
"अकरा वर्षांची तयारी, आणि तीन दिवस?"
खळदकर कुरकुरतो, पण बुटांचं माप सांगतो.
बिल्किस यादी पुढे ओढते.
गोळ्या, ओआरएस, क्रेप बँडेज,
त्याखाली: लोकरीचं झबलं, एक.
थांबते. सहा महिन्यांचं खोडते,
वर्षाचं लिहिते.
मुलगी की मुलगा, विचारते.
मी विचारलंच नव्हतं.

रात्री नळ उघडाच राहिला.
पहाटे पाचला त्याने आधी हवा सोडली,
खोकला, थुंकला,
आणि मग खिंडीवर पोचलेल्या माणसासारखा
जरा वेळाने
बोलू लागला.