ओतताना हात थांबवायचा नाही

उद्यमबागेतली तिसरी पाळी सातला सुटते.
अंगाला भट्टीचा वास, नखांत साच्याची वाळू,
आणि मी घरी न जाता
जांबोटीच्या गाडीची वाट बघत स्टँडवर उभा.

पुढच्या दारातून आधी टोपली उतरते, मग पुनाबाय.
टोपलीवर ओली पानं,
पानांखाली काळीकुट्ट रात्र, अजून न सुकलेली.
"एक माप तीस. चौकाशी ब्याडा."
मोजते मराठीत, भाव कन्नडात,
वरची मूठ मुकाट्यानं घालते.

घरी प्रणाली आहे.
सीईटी झाली, निकाल नाही,
सकाळी पोहे नकोत, उप्पीट नको, चपाती तर दाखवूच नका.
परवा मोबाइलवर तिनं एक ग्लास दाखवला,
जांभळा, वर पुदिन्याचं पान.
त्यातल्या निळ्या फळांची डबी
मी कॅम्पातल्या दुकानात बघून आलो:
चारशे रुपये, मुठीत मावेल एवढी.
आंबट असतात काय, म्हणून पोराला विचारलं.
म्हणाला, ठाऊक नाही, आम्ही नुसती ठेवतो.

तर मग करवंदं.
चिरडायला घेतली की चीक सुटतो,
बोटं एकमेकांना सोडत नाहीत.
शेजारच्या नीलगंगाअक्का कपडे वाळत घालता घालता
भिंतीवरून वाकल्या:
"कवळी हण्णा? एण्णी हच्चकोरीऽ."
तेलाचा हात घेतला. सुटली बोटं.

"काय करूलालाय बाबा?"
केस तसेच, डोळ्यांत झोप, ओट्याला टेकून उभी.
एक करवंद उचललं, दातांत धरलं, थांबली.
"कोंबडा की कोंबडी?"
सहा वर्षांची असताना विचारायची, अगदी तस्संच.
मी म्हटलं, कोंबडी.
हरलो. आत लालभडक.

गर चाळणीतून काढला. घट्ट दही,
एक केळं, गुळाचा खडा, मीठ नखभर.
मिक्सर ओरडायला लागला
आणि बोलणं थांबलं ते बरंच झालं,
मी निकालाचं विचारणार होतो.

लोखंड तयार झालं की मला रंगावरून कळतं.
इथं काही कळेना.
बोट घालून चाखलं:
जीभ आखडली, एक डोळा आपोआप मिटला.
अजून गूळ.

पण ओतायचं मीच.
बावीस वर्षं तेवढंच करत आलोय.
एकदा धार सुरू केली की हात थांबवायचा नाही.
थांबला की पहिली धार गार पडते,
दुसरी तिच्यावर नुसती बसते, एकजीव होत नाही.
माल वरून गुळगुळीत दिसतो, तपासणीत पास होतो,
आणि कुठंतरी लांब, कुणाच्यातरी मोटारीत
बरोब्बर त्या जोडावर फुटतो.
हे मी तिला सांगत होतो, श्वास धरून,
भांडं तिरकं, धार बारीक.
"बाबा," ती म्हणाली, "नाश्ता आहे तो."

प्यायली. खांदे कानांपर्यंत गेले.
वरच्या ओठावर जांभळी मिशी,
आणि चिकानं जडावलेल्या तोंडानं
अर्धंमुर्धं काहीतरी बोलली:
धारवाडला नाहीच लागला नंबर, तर...
पुढचं दह्यात गेलं.
मी माझा अर्धा ग्लास तिच्याकडं सरकवला.

तळाशी एक बी राहिली होती, चाळणीला चुकवून आलेली.
ती तिनं जिभेच्या टोकावर घेतली
आणि खिडकीतून नेम धरून थुंकली
नीलगंगाअक्कांच्या कढीपत्त्यात.
"उद्या मी ओतणार," म्हणाली.

झोपायला गेलो तेव्हा ऊन पार उंबऱ्यात आलं होतं.
तेल लावूनही
अंगठा आणि तर्जनी
अजून जरा जरा धरून होती एकमेकांना.