सहा फुटांची काठी

खेडच्या शोरूममधला पोरगा
दोन्ही गाड्यांचे दरवाजे उघडून उभा.
हा छोटा हत्ती, साडेसातशे किलो.
ही पिकअप, दीड टन.
हप्त्यात फरक फक्त सहा हजारांचा.
'फक्त' हा शब्द त्याने फडक्यासारखा
बॉनेटवरून फिरवला.

सुगंधाने विचारलं, वळते कुठवर?
तो म्हणाला, मॅडम, पॉवर स्टिअरिंग आहे.
ती म्हणाली, आमच्या पाखाडीला नाही ना.

वारा सुटला, होड्या नांगरावर,
त्या दिवशी मी दोन बांबू तोडले.
एक पाच फुटांचा,
एक सहाचा, आरशांसकट.
सहाचा आडवा धरून निघालो
घरापासून जेटीकडे.
पोरं मागून हॉर्न देत, तोंडाने.
पावश्यांच्या गडग्यापर्यंत ठीक.
विहिरीपाशी जरा तिरका केला,
तर जाळं सांधता सांधता अन्वरचाचा,
'गाडी पण अशीच तिरकी चालवणार काय रं?'

रोगेकाकीच्या रातांब्याशी अडकलो.
एक टोक झाडाला,
एक तिच्या न्हाणीच्या कुडाला.
आतून ओरडली, कोण आहे?
मी म्हटलं, पिकअप.

रात्री तरीही हिशेब मांडला.
बर्फाचे क्रेट भरले की
आसूदच्या चढावर लहानी दुसऱ्यातच धापा टाकणार.
पापलेट लागलं तर दोन खेपा,
दुसरी पोचेस्तोवर दापोलीत भाव उतरलेला.
सुगंधा ऐकत होती, हाताला चिकटलेले खवले काढत.
म्हणाली,
मोठी घेतलीस तर ती रिकामी बघवणार नाही तुला.
चिरे आणशील, वाळू आणशील,
मंडपवाल्याच्या खुर्च्या, भावकीची कपाटं.

आणि लहान घेतली तर?

तर 'नाही' म्हणावं लागेल.
तुला जमत नाहीच,
गाडी तरी म्हणेल.

छोटा हत्ती आला.
निळा हवा होता, पांढरा मिळाला.
आसूदला तो धापा टाकतो,
मागून एखादी पिकअप भोंगा देते,
मी डावीकडे दबतो
आणि ती वळणाआड जाईपर्यंत
तिच्या मागच्या फळीकडे बघत राहतो.
हे सुगंधाला सांगितलेलं नाही.

काठी परसात आहे.
दोन खुंटांवर तिने आडवी बांधली,
वर बोंबील, जबड्यात जबडा अडकवून,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
इंचभर जागा रिकामी नाही.