पत्त्यांच्या कडा

ऐरोली, सेक्टर आठ. पार्किंगच्या कोपऱ्यात
गाडी जॅकवर उभी,
खांबापाशी पाय वर करून थांबलेल्या कुत्र्यासारखी.
मी पाटावर मांडी घालून,
समोर ताटाच्या जागी
मागचं डावं चाक.

कड कुरतडलेली, उंदरानं भाकरी कुरतडावी तशी.
पुढच्या डाव्याचीही तीच गत.
कुणी घासली, हे आमच्या घरात विचारत नाहीत.
मी म्हणतो, इथले फुटपाथ उंच आहेत.
शर्वाणी म्हणते, गाडी रुंद आहे.
एवढ्यावर मिटतं.

रबाळ्याच्या मुख्तारभाईंनी दर सांगितला होता,
चाकाचे अठ्ठावीसशे.
भट्टी आहे, पावडर कोटिंग आहे,
सकाळी टाका, संध्याकाळी न्या.
मी घरी येऊन पाठकोऱ्या कागदावर मांडलं :
पॉलिश पेपर एकशेवीस, चारशे, आठशे,
पुट्टी, प्रायमर, चंदेरी स्प्रे, वरून क्लिअर.
सगळे मिळून साडेबावीसशे, आणि त्यात दोन्ही चाकं.
वाचलेल्या पैशात काय काय येईल
तेही वाचून दाखवलं.
तिनं शेवटपर्यंत ऐकलं.
मग विचारलं, "आणि पाठ?"

टायरवर रंग उडू नये म्हणून
हवा थोडी सोडून फटीत पत्ते खोचायचे,
ही अक्कल तिसऱ्या मजल्यावरच्या घैसासांची.
कॅटही त्यांचाच, रविवारच्या रमीचा.
बदामाची राणी, तिला चिकटून किलवरची सत्ती,
चौकटचा गुलाम, इस्पिकची दुर्री,
कुणाचा कुणाशी मेळ नाही,
पण गोल छान जमला.
वॉचमन तिवारी खुर्ची सोडून बघायला आला.
म्हणाला, साहेब, डाव कुणाचा?

घासत राहिलो.
एकशेवीसनं ओरखडे जातात
आणि एकशेवीसचे ओरखडे येतात.
ते घालवायला चारशे,
चारशेचे घालवायला आठशे.
दुपारचा चहा निवला, त्यावर पांढरी साय,
सायीवर ॲल्युमिनियमची पूड.
पहिला हात. वाट बघा.
दुसरा हात. वाट बघा.
तिसऱ्या हाताला उजेड गेला
आणि खाडीवरून आलेला एक डास
ओल्या क्लिअरवर बसला, तो बसलाच.

सोमवारी ऑफिसच्या यंत्रानं
माझा अंगठा ओळखला नाही.
तीनदा लावला. तीनदा लाल दिवा.
रेघाच उरल्या नव्हत्या.
वहीत सही केली, जुन्या काळासारखी.

दुसरं चाक घेऊन गुपचूप रबाळ्याला गेलो.
मुख्तारभाईंनी ते बाजूला ठेवलं
आणि वाकून गाडीवरचं, मी केलेलं, पाहिलं.
पाहिलं म्हणजे नुसता अंगठा फिरवला,
एकदाच, कडेकडेनं, डोळे दुसरीकडे.
"इथं पुट्टी ओली होती.
इथं तुम्हाला कुणीतरी हाक मारली.
आणि हे शेवटचं अंधारात मारलंय ना?"
अंगठा थांबला.
"हा मच्छर."
हसले नाहीत. चहा मागवला.
त्यांच्याही अंगठ्यावर रेघा नव्हत्या.

संध्याकाळी चाक आलं.
त्यात कुठेच कुणाचा हात दिसत नव्हता.
खूप वेळ शोधला मी.
पैसे मोजताना त्यांनी दोनशे परत केले,
का, ते सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

आता पुढचं त्यांचं, मागचं माझं.
रस्त्यावरून जाणाऱ्याला सारखीच दिसतात,
असं शर्वाणी म्हणते,
आणि गाडी लावताना हल्ली
फुटपाथपासून दीड हात लांब लावते.

खोळंबा झालाय तो रमीचा.
निम्म्या पत्त्यांच्या कडा चंदेरी.
राणी कुणाच्या हातात आहे
ते समोरच्याला ट्यूबलाइटमध्ये लखलखीत कळतं,
आणि तरीही जिंकतात घैसासच.
सगळे म्हणतात, नवा कॅट आणू,
साठ रुपयांचा तर प्रश्न.

मी म्हटलं, थांबा जरा.
आठशे नंबरचा एक तुकडा उरलाय घरी.